गोदाघाटाच्या फोटोवरून जॅझचं चित्र कसं करावं?

नाशिकच्या गोदाघाटाच्या संध्याकाळच्या फोटोवर सॅक्सोफोन आणि सूरचिन्हं रंगवूनही चित्र जॅझचं का वाटत नाही, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आधी ती वाद्यंच काढून टाका. डच चित्रकार मोंद्रियानच्या १९४२-४३ मधल्या 'ब्रॉडवे बूगी वूगी' या चित्रात (बूगी वूगी ही पियानोवरची ब्लूज शैली) एकही वाद्य नाही. पिवळ्या पट्ट्यांवर लाल, निळे चौकोन तुटक पडतात आणि तेवढ्यानेच ताल जाणवतो.

ताल मांडणीत आणा. जॅझच्या मुळाशी असलेल्या ब्लूज या संगीताचं नेहमीचं आवर्तन बारा बारचं (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक तुकडा), चार-चारच्या तीन ओळींत. ३६ × १५ सेंमीची चौकट आखा; सिनेमाच्या रुंद पडद्याच्या २.३९:१ या प्रमाणाला ती अगदी जवळ जाते. तिचे ९ × ५ सेंमीचे बारा चौकोन पाडा. मूळ कॉर्डचा (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) वरचढ रंग, समजा गर्द निळा, बहुतेक घरांत ठेवा. ५, ६ आणि १० या घरांत कॉर्ड बदलते, तिथे गेरू. नवव्यात आणखी वेगळी कॉर्ड, तिथे पिवळा. आता महत्त्वाचं: घाटाच्या पायरीची कड चौकोनाच्या रेषेवर संपवू नका, एक सेंमी आधीच तोडा. ठोका ठरल्या जागेच्या आधी पडला की नजर दचकते. सिंकोपेशन ते हेच.

फोटो सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांनी, रामकुंडाजवळच्या पायऱ्या ओल्या असताना घ्या. ५० मिमी लेन्स, एफ/२, १/६० सेकंद, आयएसओ १६०० पासून सुरुवात करा आणि एक्स्पोजर एक स्टॉप कमीच, म्हणजे प्रकाश निम्मा ठेवा. दिवा पांढरा फटक झाला की त्यातला रंग परत मिळत नाही. व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिनला आभाळ छान निळं येतं, पण पांढरे एलईडी फार गार दिसतात. पिवळ्या दिव्याची बाजू शोधा.

पोस्टर कलर इथे दगा देतात: वरचा हात मारला की खालचा थर विरघळून उठतो. ॲक्रिलिक आणि ३०० जीएसएमचा जाड कागद घ्या. मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी खालचाच रंग पातळ फिरवा, वाळू द्या, मग नवा रंग लावा. फट आधीच बुजते, नवा रंग आत झिरपत नाही. टेप शेवटचा थर ओलसर असतानाच काढा. काळा ट्यूबमधला नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून केलेला काळा जिवंत राहतो.

बाराव्या घरात, म्हणजे उजव्या खालच्या कोपऱ्यात, ओल्या पायरीवरचं दिव्याचं प्रतिबिंब येईल असाच फोटो क्रॉप करा. ब्लूज तिथूनच पुन्हा पहिल्या बारकडे वळतो, म्हणून तिथे पिवळ्याचा एवढाच एक ठिपका.