बाजू निवडायची घाई करू नकोस

अगं, तुझा मेसेज वाचला. एमएच्या प्रोजेक्टला बाळांवर काम करायचं म्हणतेस, छानच आहे, पण ज्ञान जन्मजात की शिकलेलं यातली एक बाजू तू आत्ताच पकडून बसलीयेस असं वाटलं म्हणून लिहितेय.

सुरुवात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांच्या १९८४ च्या पेपरपासून कर, कारण त्यात आपले ट आणि त आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं आईबापाच्या मांडीवर बसवलेली, त्या मोठ्या माणसाच्या कानाला हेडफोन लावून गाणी सुरू (नकळतसुद्धा इशारा जायला नको ना), आणि स्पीकरवर हिंदीतलं टा टा टा चालू, मधेच त्याचं ता झालं की बाळाने मान वळवायची, बरोबर वळवली की बाजूच्या डब्यात लाइट लागून खेळणं हलायला लागतं. बहुतेक बाळांना जमलं! हिंदी कधी कानावर न पडता जमलं, आणि इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना तोच फरक धड ऐकू येत नाही. पण दहा-बारा महिन्यांच्या बाळांमध्ये जेमतेम काहींनाच जमत होतं, हिंदी घरातल्या बाळांना मात्र तेव्हाही जमत होतं. म्हणजे क्षमता कोणी शिकवली नव्हती, पण ती राहणार की जाणार हे घरातल्या बोलण्याने ठरवलं. आता सांग, यात कुठली बाजू जिंकली?

मग पॅट्रिशिया कूलचा २००३ चा पेपर वाच. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी मँडरिन बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं वाचली, तर बाळांनी त्यातले आवाज पकडले, आणि तेच सगळं टीव्हीवर दाखवलं तर काहीच नाही. बाळाला मोबाईलवर ऱ्हाइम्स लावून देणारं कोणी ओळखीत असेल तर त्यांना हे नक्की सांग.

कॅरन विनच्या १९९२ च्या प्रयोगाबद्दल मात्र जपून लिही. पाच महिन्यांच्या बाळापुढे एक बाहुली ठेवली, पडदा वर केला, मागे दुसरी ठेवताना दाखवली, पडदा पाडला तर एकच बाहुली, आणि बाळं जास्त वेळ बघत राहिली. तू तेवढंच लिही, जास्त वेळ बघितलं. बाळाला बेरीज येते हा त्यावरचा अर्थ आहे, आणि त्यावर अजून वाद आहेत. गर्भसंस्काराचंही तसंच, पोटात असताना आईने पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचलेला उतारा नवजात बाळं ओळखतात हे डीकॅस्पर आणि स्पेन्स यांनी १९८६ मध्ये दाखवलंय, पण त्यावरून बाळ हुशार होईल म्हणून कोर्स विकणं मला अजिबात पटत नाही.

आणि प्रत्यक्ष काम करशील तेव्हा बाळ रडलं, कंटाळलं की सेशन तिथेच बंद करायचं, डेटा गेला तरी चालेल. पेपर वाचून झाले की फोन कर.

– ताई