काउन्सेलिंग सुरू करतेयस? मग आधी हे वाच

अगं एमए झालं की लगेच पाटी लावू नकोस, आधी कुणा सीनियरच्या सुपरव्हिजनखाली केसेस घे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन लागतं, काउन्सेलर्सचं नाव मात्र 2021 च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात आता कुठे आलंय, त्यामुळे आपली जबाबदारी आपणच घ्यायची. आणि आपली बरीचशी पुस्तकं अमेरिकेतली, पण पेठेतल्या एकत्र कुटुंबातली सून नाहीतर हिंजवडीत पीजीत राहणारा बिहारचा मुलगा समोर बसला की ते तसंच्या तसं चालत नाही. ती "डोकं जड झालंय" एवढंच सांगते, तिथे घाईने डिप्रेशनचं लेबल नको, घरात कोण कोण आहे, निर्णय कोण घेतं ते शांतपणे विचार. हिंदी पक्की कर. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले तर सायकियाट्रिस्टकडे लगेच पाठव, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर पण दे, तिथे मराठीत बोलता येतं.