जळगावला राहतो. नुकतीच मारुतीची जिम्नी घेतली, गाडीत काहीच बदल केलेले नाहीत. ऑफ-रोडिंगची सुरुवात कशी करू? मित्र म्हणतात आधी मोठे टायर, लिफ्ट किट आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं दोराचं यंत्र) लाव.

भाऊ, यातलं काहीही लावू नका. कंपनीतून आली तशीच गाडी निदान वर्षभर चालवा. 210 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, लॅडर फ्रेम (शिडीसारखा भक्कम सांगाडा), पुढे-मागे अखंड (सॉलिड) अ‍ॅक्सल आणि खरीखुरी लो रेंज (चाकं हळू पण जास्त जोराने फिरवणारे गिअर) हे सगळं तुम्हाला कारखान्यातूनच मिळालंय. आपल्या खानदेशात सुरुवातीला ज्या वाटांवर जाल त्यांना याहून जास्त लागत नाही. लिफ्ट किटने गाडीचं वजन वर सरकतं आणि आडव्या उतारावर ती लवकर कलंडते. मूळची गाडी किती झुकू शकते हे अंगात मुरल्याशिवाय तिची उंची वाढवणं मला धोक्याचं वाटतं.

पहिले काही रविवार सातपुड्याकडे बघूही नका. गावाबाहेरचं मुरमाड बरड शोधा, मालकाला विचारा आणि तिथे फोर-व्हीलच्या दांड्याशी खेळा. टू हायवरून (जोर फक्त मागच्या चाकांना) फोर हाय (जोर चारही चाकांना) चालत्या गाडीत लागतं. फोर लोसाठी (चारही चाकं, लो रेंजमध्ये) मात्र गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रल करावी लागते. कोरड्या डांबरावर फोर हाय किंवा फोर लो काहीच नको. या गाडीत मधला डिफरन्शिअल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, त्यामुळे वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांनी कापलेल्या अंतरातला फरक ताण होऊन आत साठत जातो.

मॅन्युअल असेल तर उतारावर फोर लो, पहिला गिअर, आणि पाय क्लचपासून लांब. शहरात ब्रेकबरोबर क्लच दाबायची सवय लागलेली असते, इथे तीच घात करते. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते आणि गाडी घरंगळते. चढावर मध्येच बंद पडली तर ब्रेक घट्ट धरा, रिव्हर्स टाका आणि आलात त्याच रेषेत सरळ मागे या. अर्ध्या चढावर वळवायला जाऊ नका. स्टिअरिंगवर अंगठे बाहेरून ठेवा, दगडावर चाक आपटलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं आणि आतला अंगठा सापडतो.

नाला आला की आधी खाली उतरून पायी पलीकडे जाऊन या. दगड कुठे आहे, काठ कुठे ढासळलाय, चाक कुठून न्यायचं ते ठरवा. नाल्यात बहुतेक वेळा एका कोपऱ्याचं पुढचं आणि समोरच्या कोपऱ्याचं मागचं चाक हवेत जातं आणि गरगर फिरायला लागतं. नवखा माणूस तिथे घाबरून पाय काढतो. जिम्नीत फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते आणि जोर जमिनीवरच्या चाकाकडे पाठवते, पण ते व्हायला चाक थोडं फिरावं लागतं. अ‍ॅक्सिलरेटर हलका पण स्थिर ठेवा, क्षणभर थांबा, गाडी आपोआप सरकते. हे एकदा पायाला कळलं की निम्मी भीती जाते.

पाच दारांची गाडी लांब आहे, रॅम्पओव्हर कोन 24 अंश. म्हणजे शेताचा उंच बांध समोरून ओलांडलात की पोट टेकणार. थोडं तिरकं धरून एकेक चाक चढवा.

आता काळ्या मातीबद्दल, कारण आपल्याकडे गाड्या डोंगरात कमी आणि या मातीत जास्त अडकतात. कोरडी असताना ती दगडासारखी, भेगाळलेली. पाऊस झाला की फुगते आणि टायरच्या खाचांमध्ये अशी भरते की टायर गुळगुळीत होतो. मग फोर व्हील असली तरी चारही चाकं एकत्र घसरतात. वरून वाळलेली दिसते तेव्हा तर जास्त फसवते. कापसाच्या वावराशेजारच्या गाडवाटेवर एखादा शेतकरी हात करून म्हणतो, “भाऊ, आठे गाडी नको टाकू, खाले गारा शे” (इथे गाडी घालू नको, खाली चिखल आहे), तेव्हा मुकाट्याने मागे फिरावं. त्याच्या बैलगाडीला जे कळतं ते आपल्या डॅशबोर्डला कळत नाही. टाच रोवून बघा: ओल वर आली तर दुसरी वाट धरा. अडकलातच तर रेस वाढवू नका, चाक फक्त खड्डा खणतं. फावड्याने चाकापुढची माती काढा, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) किंवा दगड घाला, हवा कमी करा.

हवा हा सगळ्यात स्वस्त बदल. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर नेहमीचा दाब लिहिलेला असतो. वाळूत तो 18 पीएसआयपर्यंत उतरवला की टायर पसरतो आणि गाडी तरंगल्यासारखी चालते. त्या दाबावर वेग आणि झटक्याची वळणं नकोत. म्हणून पैसे खर्चायचेच असतील तर प्रेशर गेज आणि बारा व्होल्टचा कंप्रेसर घ्या. सोबत फावडं, चांगला ओढपट्टा आणि दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या). पट्टा गाडीच्या टो हूकलाच अडकवा आणि ओढताना आसपास कुणाला उभं राहू देऊ नका. तुटलेला पट्टा माणसाचा जीव घेऊ शकतो.

वाळूचा सराव गिरणेच्या पात्रात करायचा विचार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. धरणातून आवर्तन सुटलं की कोरड्या पात्रातही पाणी येतं, म्हणून आधी चौकशी करा. आणि संध्याकाळनंतर पात्रात गाडी दिसली की वाळूचोरीचा संशय येतो, तेव्हा दिवसाच जा.

यावल, अनेर आणि गौताळा-औट्रमघाट ही अभयारण्यं आहेत, पाटणादेवीचा परिसरही गौताळ्यातच येतो. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथल्या जंगलवाटांवर गाडी घालू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. तोरणमाळला जरूर जा, पण शहाद्याकडून डांबरी घाटाने.

एकटे कधीच निघू नका, दुसरी गाडी हवीच. सगळ्यात बरा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात गेलात तर परतल्यावर गाडीखाली वाकून सायलेन्सरजवळ अडकलेलं वाळलं गवत काढा, ते पेट घेतं. डांबरावर चढण्याआधी टू हाय लावा आणि हवा भरा.