मुलगी १३ वर्षांची आहे, खो-खो खेळताना गुडघ्याची वाटी सरकली. ऑपरेशन लागेलच का?

लागेलच असं नाही. पहिलीच वेळ असेल तर एक्स-रे आणि बहुतेकदा एमआरआय काढून हाडाचा किंवा कूर्चेचा (सांध्यात हाडावर असलेल्या गुळगुळीत थराचा) तुकडा सुटलाय का, ते बघतात. सुटला नसेल तर थोडे दिवस ब्रेस, मग फिजिओथेरपी. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू बळकट करणं हाच खरा उपचार, आणि दुखायचं थांबलं की मुलं नेमका तोच सोडतात! मालिशवाल्याकडून 'बसवून' मात्र घेऊ नका.

वाटी वारंवार सरकत असेल तर तिला आतल्या बाजूने धरून ठेवणारा अस्थिबंध (एमपीएफएल) नव्याने बांधतात. वाढत्या वयात हे करताना हाडाच्या वाढपट्टीला (जिथून हाड लांबीला वाढतं त्या भागाला) इजा होऊ नये म्हणून जपावं लागतं. वाटी जागेवर राहावी म्हणून नडगीच्या हाडाचा भाग कापून सरकवायची शस्त्रक्रिया तर वाढ पूर्ण होईपर्यंत टाळतातच.