जुनी लूमची शेड पाडायची आहे, सिमेंटचे पत्रे काढायच्या 10 दिवस आधी नोटीस द्यावी लागते का?

तुम्ही विचारलंय की साखर पेठेतली वडिलांची लूमची शेड पाडायची आहे, वर जुने सिमेंटचे पत्रे आहेत आणि अमेरिकेतले मेव्हणे म्हणतात 10 दिवस आधी सरकारला कळवल्याशिवाय हात लावू नका, तर हे सोलापुरात लागू आहे का. मी इथेच साइटवर पाडकामं बघतो म्हणून लिहितोय.

मेव्हणे बरोबर सांगतायत, पण तो नियम तिकडचा. तिकडे किमान 10 कामाचे दिवस आधी लेखी कळवावं लागतं, शनिवार रविवार धरत नाहीत, आणि तपासणीत ॲस्बेस्टॉस (सिमेंटच्या पत्र्यात मिसळलेलं तंतूंचं खनिज, त्याची धूळ श्वासात गेली की घातक) निघालं नाही तरी पाडकामाची नोटीस द्यावीच लागते. तारीख अलीकडे आणली तर परत 10 दिवस मोजायचे. चार किंवा कमी घरांच्या राहत्या इमारतीला सूट आहे. ब्रिटनमध्ये लायसन्स लागणाऱ्या कामाला 14 दिवस.

आपल्याकडे पत्र्यांसाठी अशी वेगळी नोटीस नाही. पण म्हणून उद्याच माणसं चढवायची असं नाही हो. पाडकामाची परवानगी महापालिकेकडून घ्यावीच लागते. आणि 10 किंवा जास्त कामगार असले तर 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात काम सुरू करायच्या 30 दिवस आधी लेखी कळवायचं होतं, त्यात पाडकामही येतं, आता नवीन श्रम संहिता आल्यात तेव्हा सध्याचा फॉर्म ठेकेदाराला कामगार ऑफिसातून आणायला सांगा.

ते 10 दिवस कशासाठी असतात ते मला एका साइटवर कळलं. अक्कलकोट रोडला एक शेड होती, पत्रे धरून ठेवणाऱ्या J आकाराच्या हुकचे नट गंजून बसलेले, पाना लागेना, म्हणून ठेकेदाराने पोरांना वरूनच घण घालायला लावला. पत्रा फुटला की कडेला कापसासारखे बारीक पांढरे तंतू दिसतात आणि धूळ उन्हात तरंगत राहते. पोरांच्या तोंडाला नुसता रुमाल. रुमालाने ते तंतू अडत नाहीत आणि त्याचा आजार, फुप्फुसाचा असो की फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, 20-30 वर्षांनी कळतो, तोवर ठेकेदार कुठे आणि तो पोरगा कुठे. मी तेव्हा अडवलं नाही, ते अजून डोक्यात आहे.

म्हणून तुम्ही स्वतःच 10-15 दिवस हातात धरा. तेवढ्यात एका पत्र्याचा तुकडा पाणी मारून काढून लॅबला द्या, एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) सोलापूर ऑफिसला लेखी पत्र देऊन तुकडे कुठे टाकायचे ते विचारा (घातक कचऱ्याची अधिकृत साइट रांजणगावला आहे), शेजारच्यांनाही सांगा कारण पूर्व भागात भिंतीला भिंत आहे, वाळत घातलेल्या कपड्यांवर सगळी धूळ बसते. जेसीबी यायच्या आधी पत्रे उतरलेले पाहिजेत. पाइपने भिजवत राहायचं, नट निघत नसेल तर हुक कापायचा, पत्रा नाही, आणि दोघांनी धरून अख्खा खाली द्यायचा, वरून टाकायचा नाही. माणसांना चांगले फिल्टरवाले मास्क घेऊन द्या, शेडच्या खर्चात ते काहीच नाही. फुटलेले तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून ठेवा.

आणि एक, पत्रे उतरले की कोणीतरी येणारच, "गोठ्यावर टाकतो, द्या की" म्हणत. देऊ नका.