केरीच्या किनाऱ्यावरचं जेवण: ओला नारळ फोडून नव्हे, अख्खा न्या

तुम्ही लिहिलंय की मे महिन्याच्या मध्यावर फोंड्याहून पेडण्याच्या केरीला जाणार, लहानमोठी मिळून वीस माणसं, त्यात सात-आठ शाकाहारी. सकाळी साडेसातला निघायचं आणि दुपारी दीडला सुरूच्या झाडांखाली जेवायचं. बेत ठरलाय पुलाव, चिकन शागुती (भाजलेल्या खोबऱ्याचा रस्सा), अळसांद्याचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक, म्हणजे वाटणाचा रस्सा, आणि सोलकढीचा, सगळं पहाटे उठून ताजं करणार, आणि तिथे गरम करायला छोटी शेगडी नेऊ का, असं विचारलंय.

शेगडीचं आधी सांगते, कारण त्यावर बाकीचं अवलंबून आहे. ती नेऊ नका. गोव्याच्या पर्यटनस्थळांच्या कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून किनाऱ्यावर उघड्यावर अन्न शिजवणं हा दंडाचा गुन्हा आहे. काचेच्या बाटल्याही नेऊ नका. म्हणजे जे न्याल ते जसंच्या तसं खाता यायला हवं.

आता बेताकडे. चारही पदार्थ घरच्या रविवारच्या जेवणाला उत्तम, पण मे महिन्यात डब्यात भरून न्यायला चारही चुकीचे. आपलं गोव्याचं स्वयंपाकघर ओल्या नारळावर उभं आहे, आणि उन्हात सगळ्यात आधी दगा देतो तो ओला नारळच. त्यात पाणी आहे, थोडी साखर आहे, स्निग्धता आहे आणि आंबटपणा जवळपास नाहीच. जंतूंना आणखी काय हवं? शागुतीत खोबरं भाजलेलं असतं म्हणून ती टिकेल असं पुष्कळांना वाटतं, पण वाटताना पाणी घातलं की भाजण्याचा फायदा तिथेच संपला. सोलकढीचं तर विचारूच नका. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) कितीही आंबट असलं तरी नारळाचा रस उन्हात फुटतो आणि दुपारपर्यंत वास बदलतो.

साधारण नियम असा आहे की शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंशांच्या मध्ये दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि बाहेर 32 अंशांच्या वर गरमी असेल तर एकच तास. आपल्याकडे मे महिन्यात पारा 33-34 वर असतो, बंद गाडीची डिकी त्याहून कितीतरी जास्त तापते. सकाळी सातला भरलेला डबा दीडला उघडला तर साडेसहा तास झाले. म्हणून पहाटे करून गरमगरम डब्यात भरलेलं ‘ताजं’ जेवण या प्रवासासाठी सगळ्यात धोक्याचं. ते ना धड गरम राहत, ना गार होत. आदल्या संध्याकाळी करून, पसरट भांड्यात लवकर निववून, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेलं आणि सकाळी थेट बर्फाच्या पेटीत गेलेलं अन्न त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. घरातल्या ज्येष्ठांना ‘शिळं नेतेस?’ असं वाटेल, त्यांना हे समजावून सांगा. मी तरी या बाबतीत मागे हटत नाही.

पुलावाचं कारण वेगळं. भात शिजताना काही जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. लहान मुलं असताना भात नकोच. अगदी हट्ट असेल तर रात्रभर गार केलेला दहीभात पेटीच्या तळाशी ठेवा आणि पेटी उघडल्यावर पहिल्यांदा तोच संपवा.

मग न्यायचं काय? आंबट, खारट, कोरडं, किंवा अजून न कापलेलं. गोव्यात अशा गोष्टींची कमी नाही.

माझ्या मते या जेवणाचा मुख्य पदार्थ अळसांदेच असावेत, पण तोणाक नाही, कोशिंबीर. अळसांदे रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीठ घालून उकडा, दाणा अख्खा राहील पण बोटाने चेपला जाईल इतपत. पाणी पूर्ण निथळा आणि फ्रीजमध्ये ठेवा. बरोबर न्यायचं ते वेगवेगळं: दोन-तीन तोरं (कैऱ्या), कांदे, काकड्या, हिरव्या मिरच्या, लिंबं, सगळं अख्खं आणि धुऊन पुसलेलं. छोट्या डबीत मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी, तेल जरा सढळ. आणि एक अख्खा नारळ, सोललेला पण न फोडलेला, बरोबर हातात धरायची छोटी खवणी. न फोडलेल्या नारळाच्या आत काहीही शिरत नाही, निसर्गाने त्याला असा डबा दिलाय की आपल्या कुठल्याही डब्याला त्याची सर नाही. तिथे फोडायचा, पाणी मुलांना वाटायचं, अर्धी वाटी खवायची आणि तोर, कांदा, काकडी बारीक चिरून सगळं एकत्र करायचं. लिंबू पिळायचं, वरून फोडणी. पाच मिनिटांत होतं, आणि त्या क्षणी खवलेल्या नारळाची चव डब्यातून आणलेल्या वाटणाला येत नाही. जेवणात ओला नारळ हवा असणाऱ्यांची हौसही भागते. वीस जणांना पाऊण किलो सुके अळसांदे पुरतील.

मांसाहारी मंडळींसाठी शागुतीऐवजी काफ्रेल करा. त्यात नारळ नाही, व्हिनेगर किंवा लिंबू आहे, आणि ते गारही छान लागतं. शागुती गार झाली की वर तेलाचा थर धरते, काफ्रेलचं तसं नाही. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण, मिरी, दालचिनी, लवंग, जिरं माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटा. पाण्याचा थेंब नको. बिनहाडाचं चिकन चार-पाच तास फ्रीजमध्ये त्यात मुरू द्या, मग रुंद तव्यावर मसाला कोरडा होऊन तुकड्यांना चिकटेपर्यंत परता. तव्यात ओलावा शिल्लक राहिला तर अजून झालेलं नाही. मग निववून फ्रीज, फ्रीजमधून पेटी. बारा जणांना अडीच किलो. तोच मसाला लावून मशरूमही असेच कोरडे परतता येतात, शाकाहाऱ्यांना पोईत (कोंड्याच्या गोल गोवेकरी पावात) भरायला काहीतरी तिखट मिळेल. मात्र चिकन आणि मशरूमचे डबे वेगळे, चमचेही वेगळे.

हे सगळं खायचं पोईबरोबर. पोदेराला (पाववाल्याला) आदल्या दिवशी सांगून ठेवा, वीस जणांना न्याहरी धरून पन्नास-साठ. पाव डब्यात दबून त्याचा लगदा होतो, पोईचं कवच चिवट आणि आतून पोकळ, कडेने फाडली की भरण्यासाठी खिसा तयार. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, घाम धरून चामट होतात. सुती कापडात गुंडाळून वेताच्या टोपलीत ठेवा.

न्याहरीही विचारात घ्या. केरीला पोचेपर्यंत साडेनऊ होतील, तोवर मुलं भुकेली. न्याहरीला बटाट्याची सुकी भाजी आणि पोई चालेल, पण ती गरमच न्यायची: हॉटपॉटमध्ये आधी उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून द्या, मग चुलीवरून उतरवलेली भाजी काठोकाठ भरा आणि पोचेपर्यंत झाकण उघडू नका. पोचल्या पोचल्या संपवायची. उरली तर दुपारसाठी ठेवू नका.

याहूनही निर्धास्त म्हणजे बन्स. मूळचे ते उडुपी-मंगळूरकडचे, पण आता गोव्यातल्या प्रत्येक चहाच्या हॉटेलात मिळतात. घरी करायचे तर चार मोठी, सालीवर काळे डाग पडलेली केळी हाताने अगदी गुळगुळीत कुस्करा. त्यात पाव वाटी साखर, पाव वाटी आंबट दही, अर्धा चमचा सोडा, चमचाभर जिरं आणि मीठ. साखर विरघळली की मावेल तेवढा मैदा, साधारण चार वाट्या, पाणी अजिबात नाही. पीठ हाताला चिकटतं, घाबरून जास्त मैदा घालू नका, तेलाचा हात लावून झाकून ठेवा. मे महिन्यात रात्रभर बाहेर ठेवलं तर फार आंबतं, म्हणून तीन-चार तास बाहेर आणि मग फ्रीजमध्ये. सकाळी पुरीपेक्षा जाड लाटा आणि मध्यम आचेवर तळा. आच मोठी झाली तर वरून लाल आणि आत कच्चे. तळल्यावर चाळणीवर पसरून पूर्ण गार होऊ द्या, वाफ असताना डबा बंद केला की खालचे सगळे ओलसर होतात. हे दिवसभर मऊ राहतात आणि मुलं नुसतेच खातात.

नीरफणसाची किंवा सुरणाची कापं मात्र नेऊ नका. रवा तासाभरात मऊ पडतो, मग त्यात मजा नाही.

तोंडी लावायला सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर. सुंगटांची डोकी-शेपट्या काढून मंद आचेवर कोरडीच भाजा, चिमटीत धरून चुरडली की कुरकुर आवाज आला पाहिजे. गार झाल्यावर हवाबंद डब्यात तशीच न्या. कांदा, तिखट, आगळाचे दोन-चार थेंब आणि त्याच नारळाची उरलेली अर्धी वाटी, हे सगळं जेवायच्या क्षणी घाला, नाहीतर कुरकुरीतपणा जातो. शाकाहारी पंगतीत चेपणीची तोरं आणि मिसकूट (कैरीचं तिखट लोणचं). मिठाच्या पाण्यात मुरलेल्या तोराची एक फोड उन्हात जीभ जागी करते. वाटेत हरमलला थांबणार असाल तर तिथल्या मिरच्या घेऊन या, पुढच्या वर्षीच्या मिसकुटासाठी.

सासूबाईंचं जेवण सोलकढीशिवाय होत नाही असं लिहिलंय, त्यांच्यासाठी फुटी कढी. बाटलीत फक्त आगळ न्या. तिथे गार पाण्यात मिसळा, एक भाग आगळाला आठ-दहा भाग पाणी, ठेचलेली मिरची, चिमूटभर हिंग, जिरेपूड, कोथिंबीर. आगळात मीठ असतंच, चव घेतल्याशिवाय वेगळं घालू नका. भांडं स्टीलचं घ्या, आंबट असल्यामुळे अॅल्युमिनियम किंवा पितळ नको. मुलांसाठी कोकमाचं गोड सरबत. वाटेत ताजा नीरो (काजूच्या बोंडांचा रस) मिळाला तर तिथेच प्या आणि पुढे निघा, बाटलीत भरून नेऊ नका. काही तासांत तो आंबायला लागतो आणि बंद बाटली फुगते.

गोडाला मानकुराद आंबे. दुसरं काही करण्यात मे महिन्यात वेळ घालवू नका. अख्खे न्या, बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, आणि ज्याने त्याने आपापला चोखावा. सोबत जत्रेतलं खाजं असलं तर उत्तम, फक्त घट्ट झाकणाच्या डब्यात, किनाऱ्यावरच्या दमट हवेत गूळ लगेच पाझरतो.

बर्फाच्या पेटीबद्दल थोडं. मासळी बाजारातला बर्फ पेटीत बाहेरून चालेल, पेयात कधीही नाही. त्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून दोन दिवस आधी फ्रीजरमध्ये टाका. तळाला दोन, डब्यांच्या मध्ये दोन, सगळ्यात वर दोन, कारण गारवा खाली उतरतो. वितळल्यावर तेच पाणी प्यायला होतं. प्यायच्या सरबतांची पेटी वेगळी ठेवा. मुलं दर दहा मिनिटांनी झाकण उघडतील, त्यात चिकन असता कामा नये. अन्नाची पेटी दुपारी एकदाच उघडायची. आणि ती डिकीत नाही, माणसं बसतात तिथे, एसीत. पोचल्यावर सावलीत, ओलं गोणपाट घालून.

वीस जणांना प्यायचं पाणी किमान दोन मोठे वीस लिटरचे जार. हात धुवायला आणखी एक. पत्रावळी घ्या, आणि कचऱ्यासाठी दोन जाड पिशव्या, परत फोंड्याला आणायच्या.

काफ्रेल किंवा अळसांदे पेटीबाहेर तासाभराहून जास्त राहिले आणि उरले तर संध्याकाळी घरी आणून फ्रीजमध्ये टाकू नका, जीवावर आलं तरी टाकून द्या. बन्स, खाजं, भाजलेली सुंगटं आणि लोणचं बिनधास्त परत आणा.

एक विचारायचं राहिलं: शाकाहाऱ्यांमध्ये कोणी कांदा-लसूण न खाणारं आहे का? असेल तर कळवा, अळसांद्यात कांद्याऐवजी काय घालायचं आणि मशरूमचा मसाला कसा बदलायचा ते सांगते.