जुन्या दगडी कोर्टाचं संग्रहालय करताना ओल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा चालेल का?

नाही. चुन्यात बांधलेली भिंत आतलं पाणी पृष्ठभागातून बाहेर टाकते. सिमेंट ती वाट अडवतं, मग ओल वर चढते, खार फुटतो आणि मऊ दगडाचे पापुद्रे सुटतात.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. बहुतेकदा तुंबलेली पन्हळ, फुटलेला पाइप किंवा भर घालून जोत्याच्या वर गेलेलं अंगण, यांपैकीच काहीतरी असतं. जुनं सिमेंट छिन्नी-हातोडीने काढा. ब्रेकर लावलात की दगडाच्या कडा उडतात. मग भिंत वाळू द्या. जाड भिंतीला यात कित्येक महिने जातात, आणि कंत्राटदाराची घाई नेमकी इथेच नडते. दगडांमधले सांधे (दर्जा) भरणं आणि गिलावा, दोन्ही मुरवलेल्या चुन्यात, साधारण 1 भाग चुना, 3 भाग धुतलेली वाळू. एक थर 10-12 मिमी. आठवडाभर ओलसर ठेवा. वरून चुन्याची सफेदीच, प्लॅस्टिक पेंट नको.

कोर्टरूममधलं न्यायाधीशांचं व्यासपीठ, साक्षीदाराचा पिंजरा हलवू नका. तेच मुख्य प्रदर्शन. कागदपत्रांवर उजेड 50 लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). एसी फक्त दिवसा चालवला तर आर्द्रता वरखाली होऊन जुनं सागवान तडकतं.

लिफ्ट आणि अग्निशमन यंत्रणा सुरुवातीलाच नकाशात घ्या. अमेरिकेत सेंट लुइसच्या जुन्या कोर्टात (ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढलेला खटला तिथलाच) या दोन्ही गोष्टी अलीकडच्या नूतनीकरणात बसवाव्या लागल्या; 2025 मध्ये ते पुन्हा उघडलं.